बाटली आणखी खाली घ्या

फोनवर बोलणं हे चिमणीचं कामच होतं. खाली सासऱ्यांचं नळदुरुस्तीचं दुकान, वरच्या मजल्यावर घर, आणि दुकानातल्या फोनपाशी चिमणी. अंगाने एवढीशी आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, म्हणून लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिची चिमणी झाली होती. कुणाचा नळ गळो, बेसिन तुंबो की टाकी भरून वाहो, लोक घाबरेघुबरे होऊन फोन करायचे आणि चिमणी त्यांना बोलता बोलता शांत करायची. "आधी सांगा, कमी येतंय की अजिबातच येत नाही?" हा तिचा पहिला प्रश्न. उत्तर काय मिळतं त्यावर कोणती हत्यारं घेऊन कोणी जायचं ते ठरायचं. सासऱ्यांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची, खुद्द त्यांची बायकोसुद्धा. आपल्या सुनेला नुसत्या आवाजावरून दुखणं कळतं, असं मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असत.

त्यामुळे दवाखान्यातल्या नर्सबाईंनी खाटेशी खुर्ची ओढून, चष्मा कपाळावर सरकवून, "बरं, दूध कमी येतंय की अजिबातच येत नाही?" असं विचारलं, तेव्हा चिमणीला आधी हसू फुटलं. मग हसता हसता रडूच कोसळलं.

"अजिबातच नाही," ती नाक पुसत म्हणाली. "म्हणजे थेंब येतो एखादा. थेंब धरायचा का?"

"थेंब धरायचा तर," नर्सबाई म्हणाल्या. "थेंब आहे ना? मग मी घरी येते."

झालं होतं असं, की गोटी जन्मली तेव्हा सगळं कसं सुरळीत होतं. गोटी म्हणजे चिमणीची मुलगी. वाटोळी, गुळगुळीत आणि आंघोळ घालताना हातातून सटकणारी. पहिले काही आठवडे ती अंगावर मजेत प्यायची. एक मूठ आईच्या कपड्यात खुपसायची, पिता पिता मध्येच थांबून वर बघायची, आई जागेवर आहे ना याची खात्री करून घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. मग चिमणीचं अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालं, आत पू झाला, पुन्हा ऑपरेशन झालं, ताप हटेना. चिमणी दवाखान्यात पडून राहिली, आणि इकडे गोटी आजीच्या मांडीवर बाटलीने डब्याचं दूध पिऊन चांगली टुणटुणीत झाली. चिमणी हिंडूफिरू लागेपर्यंत तिचं दूध आटलं होतं. छातीशी धरलं की गोटी अशी बघायची, की जणू भलत्याच घराची घंटा वाजवली आहे आणि आता माफी मागून परत फिरायचं आहे.

बाटलीवर पोरं चांगली वाढतात, हे चिमणीला कळत होतं. गोटीकडे बघूनच कळत होतं. तिचे गाल कुठे संपतात आणि मान कुठे सुरू होते ते शोधावं लागे. पण चिमणीला ते परत हवं होतं. मध्येच थांबून वर बघणारे ते डोळे हवे होते. का हवे, असं कुणी विचारलं असतं तर एवढी बोलकी बाई, पण तिला सांगता आलं नसतं.

नर्सबाई घरी आल्या तेव्हा चिमणी, सासूबाई आणि गोटी आतल्या खोलीत होत्या. चिमणीचा नवरा दादू दारात उभा होता. मिस्त्री जिन्यावर, पाठ फिरवून. सुनेच्या दुधाचा विषय, तेव्हा सासऱ्याने समोर बसणं बरं नव्हे हे त्यांना पटत होतं. पण घरात पुरवठ्याचा प्रश्न निघालाय आणि आपण खाली जाऊन बसायचं, हे काही त्यांना जमेना.

"बाळाला कपडे काढून नुसतं छातीवर ठेवायचं, अंगाला अंग लावून," नर्सबाई सांगत होत्या. "पेंगुळलेली असली की छातीला लावून बघायचं. भुकेने कावलेली असताना मुळीच नाही. आणि दिवसातून सारखा सारखा पंप लावायचा."

"पंप?" जिन्यावरून आवाज आला. "किती एचपीचा?"

"मिस्त्री, गप्प बसा!" सासूबाई ओरडल्या.

"अहो, हाताएवढा असतो," नर्सबाई हसून म्हणाल्या. "मुद्दा असा, की दूध ओढलं जाईल तेवढंच शरीर पुन्हा करतं. जास्त ओढा, जास्त येईल. ओढायचं थांबवलं की थांबतं."

 मिस्त्रींनी जिन्यावरून हळूच विचारलं, "म्हणजे टाकी रिकामी केली की भरते?"

"हो."

"आणि भरलेली ठेवली की आटते?"

"तसंच समजा."

मिस्त्रींचं डोकंच चक्रावलं. उभा जन्म त्यांनी लोकांना सांगितलं होतं, की पाणी जपून वापरा, टाकीत असेल तेवढंच येणार. आता घरातच असली टाकी निघाली, की जी उपसल्याशिवाय भरत नाही. दिवसभर ते दुकानात वॉशर निवडता निवडता थांबत आणि स्वतःशीच म्हणत, "कोणी जोडणी केली असेल ही?"

जाता जाता नर्सबाईंनी एक बारीक, मऊ नळी आणि तिला जोडायची बाटली दिली. नळीचं दुसरं टोक चिकटपट्टीने आईच्या छातीशी लावायचं. मूल छाती ओढतं, तोंडात बाटलीतलं दूध येतं, त्यामुळे मूल कंटाळत नाही, आणि त्या ओढण्यानेच आईला पान्हा फुटू लागतो. "कशी लावायची ते उद्या येऊन दाखवते. तोपर्यंत फक्त उकळून ठेवा," असं त्यांनी बजावलं होतं.

उद्यापर्यंत! घरात नळी आहे, बाटली आहे, दोन मिस्त्री आहेत, आणि उद्यापर्यंत थांबायचं! दुपारी चिमणी आंघोळीला गेली तेवढ्यात बापलेकांनी काम उरकलं. ती परत येऊन बघते तो बाटली खिडकीच्या पडद्याच्या दांडीवर, जवळजवळ छताला टेकलेली.

"एवढी उंच?" चिमणीने विचारलं.

"प्रेशर!" दादू अभिमानाने म्हणाला. "बाबा म्हणाले, आधीच लाइन कमजोर आहे, मग वरून जोर द्यायला नको?"

बोलणं बिनतोड होतं, आणि चिमणीही शेवटी त्याच घरातली. ती खुर्चीत बसली, दादूने चिकटपट्टी लावली, सासूबाईंनी गोटीला आणून दिलं. गोटीने तोंड उघडलं मात्र, आणि दुधाची अशी धार सुटली की गोटीला ठसका लागला, तिने तोंड बाजूला केलं, धार चिमणीच्या गळ्यावर, तिथून सासूबाईंच्या चष्म्यावर, आणि दादू नळी पकडायला धावला तर त्याच्या कानात. गोटीने एक शिंक दिली, सगळ्यांकडे पाहिलं आणि दूध ठिबकणाऱ्या तोंडाने खुदकन हसली.

"येतंय का?" मिस्त्रींनी जिन्यावरून ओरडून विचारलं.

"येतंय!" आतून तिघंही एकदम ओरडली.

"बघा! म्हटलं नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या, दांडीवरची बाटली पाहिली आणि मटकन खाली बसल्या. हसू आवरल्यावर त्यांनी सगळ्यांची चांगली हजेरी घेतली. पोर गुदमरेल की! आणि असं आपोआप तोंडात पडत राहिलं तर ती ओढेल कशाला? तिने ओढायलाच तर हवं आहे. "बाटली खाली घ्या," त्या म्हणाल्या. दादूने ती खिडकीच्या चौकटीला लावली. "आणखी खाली." खुर्चीच्या पाठीला लावली. "आणखी खाली घ्या, बाळाच्या तोंडाच्याही खाली. ती ओढेल तेव्हाच वर चढलं पाहिजे."

जिन्यावर मिस्त्रींना हे ऐकवेना. "बाई, आयुष्यात मी कुणाला मुद्दाम कमी प्रेशर दिलेलं नाही," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. पण काम ते काम. संध्याकाळपर्यंत त्यांनी खुर्चीशेजारच्या भिंतीवर एक पट्टी ठोकली आणि तिच्यावर वर-खाली सरकणारी पकड बसवली, पाइपांना लावतात तसली. जन्मभर पाणी वर चढवण्यात घालवलेल्या माणसाने एवढ्या निगुतीने दूध खाली उतरवण्याची सोय केली, तेव्हा त्याचं मन किती मोठं असेल, असं दादू म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, मन मोठं आहे, पण भिंतीचा रंग उडाला तो उडालाच.

नळीवर सलाइनला असते तशी एक चकती होती. ती फिरवली की धार कमी-जास्त व्हायची, पार बंदही व्हायची. ते खातं मिस्त्रींनी स्वतःकडे घेतलं. गोटीची वेळ झाली की ते आधी आत येऊन बाटली लावत, चकती फिरवून ठेवत, आणि मग जिन्यावर जाऊन पाठ फिरवून बसत.

तेव्हापासून घरात धमालच सुरू झाली. चिमणीने दुकानातला फोन वर आणून घेतला. एका खांद्याला फोन, एका कडेला गोटी, आणि हाताएवढा तो पंप खुर्चीच्या हातावर घर्र घर्र करतोय. "अजिबातच येत नाही का हो?" ती फोनवर विचारायची. पलीकडून बाई रडकुंडीला येऊन म्हणायची, "अजिबात नाही! सकाळपासून!" आणि चिमणी म्हणायची, "माझंही तसंच आहे. धीर धरा, माणूस पाठवते." पलीकडच्या माणसाला ही घरघर कसली ते कळायचं नाही. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तर विचारलं, "पोरी, तुमच्याकडे काय गिरणी टाकलीय का?"

पंपाच्या भांड्यात जमायचे ते थेंबच. पण त्या थेंबांचं कौतुक! दादू भांडं उजेडासमोर धरून तिरकं करून बघायचा. सासूबाई शेजारणीला बोलावून दाखवायच्या. मिस्त्री न बघताच जिन्यावरून विचारायचे, "कालच्यापेक्षा?" आणि चिमणी कालच्यापेक्षा कमी असलं तरी "जास्त!" म्हणायची. नर्सबाई मधून मधून येऊन गोटीचं वजन करायच्या, लंगोट किती ओले होतात ते विचारायच्या. गोटी छान होती. उरलेली भूक बाटलीने भागतच होती, त्यामुळे तिची काळजी नव्हती. काळजी होती ती चिमणीची, कारण तिला हवं ते अजून कुठेच दिसत नव्हतं. बाटली पुरेशी खाली नेली की गोटी दोन-चारदा ओढायची, कपाळाला आठ्या घालायची आणि तोंड फिरवायची. आणि ते तोंड नेमकं आजीकडे फिरायचं.

आजीने हात पुढे केले की रडणं बंद. हे चिमणीला लागायचं. एकदा तर ती फणकारून बोललीच, "आई, तुम्ही जरा बाहेर बसत जा ना! तुमचा वास आला तरी ती माझ्याकडे बघत नाही!"

सासूबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, मग वळल्या. "तू तिकडे तापात होतीस," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी रोज तिला सांगायचे, की आई येतेय हो, आई येतेय. मी काही तिला स्वतःसाठी नाही सांभाळली, तुझ्यासाठी सांभाळली."

चिमणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठून त्यांच्या गळ्यात पडली. तिच्या छातीला चिकटवलेली नळी दोघींच्या मध्ये अडकली आणि पुन्हा सगळीकडे दूध सांडलं. दोघी इतक्या हसल्या की जिन्यावरून मिस्त्री "फुटलं का? काय फुटलं?" करत राहिले आणि त्यांना कुणी उत्तरच देईना.

पण हसणं कितीही आलं तरी थेंबांचे थेंबच राहिले. एका सकाळी गोटीने छातीला नुसतं नाक लावलं आणि जे भोकाड पसरलं, ते आजीने बाटली दिल्यावरच थांबलं. चिमणी पंप बंद करून खुर्चीत बसून राहिली. मग दादूला म्हणाली, "अहो, आज शेवटचं. उद्या नर्सबाईंना सांगते, सगळं परत घेऊन जा म्हणून. बाटलीवर मजेत आहे ती. मीच उगाच तिला छळतेय." बोलून तिने हसायचा प्रयत्न केला. जमला नाही. दादू तिच्या केसांवरून हात फिरवत उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला प्रेशर, जोड, वॉशर, काहीच सुचलं नाही.

दुपारी मिस्त्री बाटली लावून चकती बसवत होते, तेवढ्यात फोन आला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात पाइप फुटला होता. गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी खुर्च्यांवर चढून बसली होती. मिस्त्री आणि दादू हत्यारं घेऊन पळाले. सासूबाई खाली दुकान बघायला गेल्या. घरात उरल्या चिमणी आणि गोटी, आणि गोटी पेंगत होती.

शेवटचंच आहे तर निवांत करू, असं म्हणून चिमणीने तिला उघड्या छातीवर घेतलं, नळीचं टोक चिकटवलं आणि खुर्चीत मागे रेलली. गोटीने डोळे मिटलेलेच ठेवून इकडेतिकडे नाक घासलं, तोंड उघडलं आणि धरलं. ओढलं. पुन्हा ओढलं. चिमणी आता आठी पडेल, मग पडेल, म्हणून वाट बघत राहिली. आठी पडली नाही. गोटीच्या घशातून बारीक आवाज येऊ लागला, गट्ट, गट्ट, थांबून पुन्हा गट्ट. फोन वाजत राहिला आणि चिमणीने जन्मात पहिल्यांदा तो वाजू दिला. एक मूठ तिच्या कपड्यात शिरली. मध्येच गोटी थांबली, डोळे उघडून वर बघितलं, आई आहे ना, आहे, आणि पुन्हा कामाला लागली. 

कितीतरी वेळाने गोटी आपसूक सुटली आणि झोपली. हनुवटीवर दुधाचा ओघळ. चिमणीने डोळे पुसले आणि किती प्यायली ते बघायला भिंतीकडे नजर टाकली.

बाटली काठोकाठ भरलेली होती.

 म्हणजे पोर इतका वेळ नुसती हवाच ओढत होती? उपाशी झोपली? तिने एका हाताने फोन ओढला आणि मिस्त्रींना लावला.

"बाबा! नळी तुंबली! एक थेंबसुद्धा उतरला नाही!"

"कसा उतरेल? नवीन नळी आहे, पोरी," मिस्त्रींचा आवाज न्हाव्याच्या बेसिनखालून घुमत आला. "कुठे दुमडलीय का बघ."

"नाही दुमडली!"

"टोक चिकटपट्टीखाली दबलंय?"

"नाही हो! मोकळं आहे!"

"मग चकती बघ. कुठे आहे?"

चिमणीने बघितलं. "बाबा, ही तर बंद आहे. पार घट्ट बंद."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग मिस्त्री अगदी लहान आवाजात म्हणाले, "पोरी, ती मीच केली. फोन आला, निघालो... मी कुठल्याही घरातून निघताना कॉक बंद करूनच निघतो गं. हातच तसा पडतो. चूक झाली. पोर रडतेय का?"

"नाही. झोपली."

"उपाशी?"

"अहो, पीत होती. गट्ट गट्ट आवाज येत होता."

"काय पीत होती?"

चिमणीने बाटलीकडे पाहिलं, मग गोटीच्या हनुवटीकडे.  तिकडे मिस्त्रींचं डोकं बेसिनला आपटल्याचा मोठा आवाज आला, आणि त्यांचा ओरडा: "दादू! पाना टाक! पाणी वाहू दे, घरी चल!" आणि पाठोपाठ न्हाव्याची आरडाओरड.

"आई!" चिमणीने जिन्याच्या दिशेने हाक मारली. "आई, वर या! आत्ताच्या आत्ता!"

सासूबाई धापा टाकत आल्या, हातात गिऱ्हाइकाचा नळ तसाच.  चिमणीने बाटलीकडे बोट दाखवलं, चकतीकडे दाखवलं, गोटीकडे दाखवलं. सासूबाईंनी नळ खाली ठेवला. वाकून बंद चकती पाहिली, भरलेली बाटली पाहिली. मग गोटीच्या हनुवटीवरचा ओघळ बोटाच्या टोकावर घेतला आणि जिभेला लावला. इतके आठवडे प्रत्येक बाटली त्यांनी आधी अशीच जिभेला लावून मग गोटीला दिली होती. डब्याच्या दुधाची चव त्यांच्या तोंडात बसली होती.

त्यांनी पुन्हा एकदा बोट जिभेला लावलं.

"हे माझं नव्हे," त्या म्हणाल्या. "हे तुझं आहे."

चिमणी इतकी मोठ्याने हसली की गोटी दचकून जागी झाली आणि तिने रडायला तोंड उघडलं. सवयीने सासूबाईंचे हात पुढे झाले, आणि त्यांनी ते मागे घेऊन पदरात गुंडाळले. गोटीने आजीकडे पाहिलं नाही. तिने आईच्या छातीत नाक खुपसलं आणि शोधायला लागली.